सुईदोऱ्याचा निवांत दिवस: गोधडी आणि भरतकामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्वेनगरातल्या आमच्या घरी महिन्यातला एक दिवस मी फक्त शिवायला बसते. सकाळी गोधडी, दुपारी भरतकाम, उजेड उतरला की आवराआवर. शेजारणी, भाच्या, सुनेच्या ऑफिसातल्या मुली येतात, गोधडी हातात घेऊन उलटसुलट बघतात आणि प्रश्न विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली.

दिवसभर फक्त शिवत बसणं जमतं कसं? घरातली कामं?

आदल्या दिवशी तयारी केली तर जमतं. मी आदल्या संध्याकाळीच कापडाला इस्त्री करते, भरतकामाच्या दोऱ्याच्या लागणाऱ्या लड्या वेगळ्या काढते, भरायचा नमुना उतरवून ठेवते. सकाळी उठून कपाट उपसायला लागलं की दुपार कधी होते कळत नाही. स्वयंपाक एकदाच करायचा: मुगाची खिचडी, कढी, पापड. दूध, भाजी, कचरा, इस्त्रीचे कपडे हे सगळं नऊच्या आत. घरच्यांना आधी सांगून ठेवायचं. मी तर फ्रिजवर चिठ्ठी लावते.

वार म्हणाल तर मला गुरुवार आवडतो. पुण्यात विजेच्या दुरुस्तीची कामं बहुधा गुरुवारी निघतात. वीज गेलीच तर टीव्ही, मिक्सर, शेजारचं ड्रिल सगळं शांत होतं आणि हातशिलाईला खिडकीतला उजेड पुरतो.

पण सलग एक दिवस कशाला? रोज अर्धा तास बसलं तर नाही चालणार?

चालेल, काहीच न करण्यापेक्षा खूप बरं. पण मला जे सांगायचंय ते इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिला तासभर हात परका असतो. टाका कधी तांदळाएवढा, कधी गव्हाएवढा. दोरा ओढताना कधी चुणी पडते, कधी सैल राहतो. आपण प्रत्येक टाका डोळ्यांनी मोजत असतो. दुसऱ्या तासात कधीतरी डोळ्यांचं काम हात घेतो. सुई चार टाके आपल्यावर चढवते, अंगठा कापड मागे सारतो, दोरा सुळकन बाहेर येतो आणि पुन्हा चार. एकदा हा ठेका सापडला की टाके आपोआप सारखे पडतात. अर्धा तास बसून उठणारीचा हात रोज नव्यानं परका होतो, ठेक्यापर्यंत पोचतच नाही. मग ती म्हणते, "मला जमत नाही." जमत असतं गं, वेळ मिळालेला नसतो.

हे कापडावर दिसतं. आईच्या मरून इरकली साडीची गोधडी मी रोज वापरते. तिच्या डावीकडच्या कडेपासून सातव्या ओळीत हात-दीड हात टाके मोत्यांसारखे एकसारखे आहेत आणि मग एकदम चार टाके लांब, वाकडे. तिथे फोन आला होता. बोलत बोलत शिवत राहिले. ते चार टाके मी उसवले नाहीत, पण त्या दिवसापासून शिवताना फोन दुसऱ्या खोलीत असतो.

गोधडी, वाकळ, रजई, दुपटं यांत फरक काय?

रजईच्या पोटात पिंजलेला कापूस असतो. गोधडीत कापडावर कापड. जुन्या साड्या, लुगडी, धोतरं यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्यानं एकजीव करायचे. सातारा-कोल्हापूरकडे तिलाच वाकळ म्हणतात. बाळाला गुंडाळायचं मऊ, दोन-तीन थरांचं ते दुपटं.

जुन्या कापडाला धावदोऱ्यानं पुन्हा उभं करायची रीत आपल्या एकट्याची नाही. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, राजस्थान आणि सिंधची रल्ली ही सगळी तीच भावंडं. कर्नाटकात कौदी म्हणतात. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरच्या बाजूला राहणाऱ्या सिद्दी बायका जी कवंदी शिवतात, ती कडेपासून सुरू होऊन आत आत येते आणि चारही कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं लावल्याशिवाय त्या तिला पुरी झाली म्हणत नाहीत. ही गोष्ट कळल्यापासून माझ्याही गोधड्यांच्या कोपऱ्यांना फुलं लागली.

कापड कुठलं घ्यावं?

सुती, वापरून मऊ झालेलं. दहा-पंधरा वर्षं धुतलेली सुती साडी सगळ्यात उत्तम. सुई लोण्यात गेल्यासारखी जाते आणि अंगावर घेतल्यावर कापड टोचत नाही. नायलॉन, पॉलिएस्टर नको. घाम टिपत नाही, शिवताना थर एकमेकांवरून सटकतात. जुनं रेशीमही नको. घडीवर चिरत जातं आणि आतल्या आत त्याचा भुगा होतो. जरीचे काठ उसवून बाजूला ठेवा, गोधडीत जर टोचते.

साडीत जीव आहे की नाही हे बघायला ती उजेडासमोर धरा. चाळणीसारखी दिसली तर आतल्या थराला वापरा. मग दोन्ही अंगठे जवळ ठेवून हलकेच ताणा. चर्रर्र आवाज आला तर ती जागा कापून टाका किंवा वरून ठिगळ लावा. ठिगळाची लाज नको. गोधडीला रूप येतं ते ठिगळांनीच.

एक मनापासून विनंती. बोहारणीला साड्या देण्याआधी एकदा ढीग चाळून बघा. स्टीलच्या एका पातेल्यावर आजीचं सुती लुगडं गेलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा लहान होते, काही बोलता आलं नाही. पातेलं कधीच चेपून फुटून गेलं. लुगडं असतं तर आज पांघरलं असतं.

एका गोधडीला किती साड्या लागतात?

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ११० ते ११५ सेंटीमीटर पन्ह्याची असते. तिच्या तीन घड्या घातल्या की एकाच साडीत एका माणसापुरते तीन थर तयार. पुण्यातल्या थंडीला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो त्याला, पाच थर पुरतात: एक साडी पोटात आणि दुसरीतून वरची व खालची बाजू. नऊवारी असेल तर तिची लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते, चार घड्यांत गोधडी होते. पाचापेक्षा जास्त थर घालू नका. ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेनं. फार थर ठासून घट्ट शिवले तर गोधडी जड होते, तेवढी उबदार होत नाही, आणि सुई ओढून बोटं दुखतात ते वेगळंच.

फ्लॅटमध्ये एवढं पसरायला जागा कुठे असते?

हॉलमधलं टीपॉय बाहेर काढा, झालं. आणि फरशीचा फायदा घ्या. बऱ्याच घरांत दोन बाय दोन फुटांच्या फरश्या असतात, म्हणजे ६० सेंटीमीटरच्या. दोन फरश्या रुंद आणि तीन फरश्या लांब असा चौकोन धरला की १२० बाय १८० सेंटीमीटर, एका माणसाची गोधडी. साडीचा पन्हा थोडा कमी भरतो, तिथे काठाची पट्टी जोडायची. फरशीच्या सांध्यांवर कापडाची कड धरली की कोपरे काटकोनात बसतात, टेप लागत नाही.

थर एकेक करून अंथरायचे. प्रत्येक थर मधून कडांकडे तळहातानं सारखा करायचा. चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, माझ्याकडे वरवंटा, खलबत्ता आणि दोन जुनी वजनं आहेत. मग लांब लांब कच्चे टाके घालायचे, वीतभर अंतरावर, मधून सुरू करून चहूबाजूंना. नव्या मुली नेमक्या इथेच घाई करतात. कच्चा दोरा नीट घातला नाही तर शिवत शिवत कापड एका बाजूला सरकतं आणि शेवटी मध्यभागी फुगवटा उरतो. तो फुगवटा कशानंच जात नाही. कच्च्या टाक्यांना एक तास द्या.

सुरुवात कुठून करायची, कडेनं की मधून?

कच्चे टाके नीट असतील तर कडेनं. कडा आत दुमडून पहिली फेरी, तिच्या आत अंगठ्याच्या रुंदीएवढं अंतर सोडून दुसरी, मग तिसरी. चौकोनात चौकोन होत मध्यभागी पोचायचं. माझी आत्या असंच शिवायची. ओळ आखायची नाही. मागच्या ओळीला अंगठा टेकवून पुढची ओळ चालवायची, अंगठा हीच तिची पट्टी. गाठ कधी दिसू द्यायची नाही ती. दोरा संपत आला की शेवटचे दोन टाके एकावर एक घ्यायची आणि शेपूट थरांच्या पोटात बोटभर सरकवून तोडायची. नवा दोराही तसाच आतून वर आणायची. तिची गोधडी उलटी घातली की सुलटी, कळायचं नाही.

एक गोधडी व्हायला किती दिवस लागतात?

हिशोब करून बघा. १२० बाय १८० म्हणजे २१,६०० चौरस सेंटीमीटर. ओळींत दोन सेंटीमीटर अंतर धरलं तर १०,८०० सेंटीमीटर, म्हणजे १०८ मीटर धावदोरा. टाका आणि त्याच्या शेजारची रिकामी जागा मिळून एक सेंटीमीटर होत असेल, तर दहा हजार आठशे टाके. माझा हात तासाला चारेक मीटर चालतो. म्हणजे २७ तास. दिवसात पाच तास खरी शिलाई होते, बाकी वेळ दोरा ओवणं, पाय मोकळे करणं, चहा. म्हणजे साडेपाच दिवस.

महिन्यातून एकच दिवस बसत असाल तर जूनमध्ये घातलेली गोधडी थंडीपर्यंत पुरी होते. पावसाळ्यात बाहेर पडावंसं वाटत नाही, त्यामुळे हे गणित जुळतंही.

९० बाय ९० चं दुपटं साधारण ४० मीटरचं. दोन दिवसांत होतं. पहिल्यांदा शिवणारीनं दुपट्यापासूनच सुरुवात करावी.

मशीननं का नाही? तासाभरात होईल.

होईल. नव्या कापडाची असेल तर माझी काही हरकत नाही. पण जुन्या, विरत आलेल्या साडीवर मशीनची बारीक टीप म्हणजे ओळीनं भोकं. काही धुण्यांनंतर कापड नेमकं त्या ओळीवर फाटतं. शिवाय मशीनची टीप थरांना करकचून धरते आणि गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. हातचा धावदोरा सैलसर असतो, थर थोडे हलतात, म्हणून हातची गोधडी अंगाभोवती गुंडाळून येते.

सुई आणि दोरा कुठला?

गोधडीला लांब, मजबूत, पण फार जाड नसलेली सुई. दाभण पोत्याला, गोधडीला नाही. दोरा जाड सुती, हातभरापेक्षा थोडा जास्त लांब. लांब दोऱ्यानं ओवण्याचे कष्ट वाचतात असं वाटतं, पण तो पिळतो, गाठी पडतात आणि शेवटचा भाग घासून झिजलेला असतो. दोऱ्यावरून मधमाश्यांच्या मेणाचा तुकडा एकदा फिरवला की तो गुंतत नाही.

भरतकामाच्या सुईचं गणित उलटं असतं, नंबर वाढला की सुई बारीक होते. दोन धाग्यांच्या कामाला नऊ नंबर, तीन-चार धाग्यांना सात. अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी, वापराच. सुरुवातीला बोट बांधल्यासारखं वाटतं, दोन तासांत विसरायला होतं.

लडीतले सहा धागे वेगळे करताना गुंता होतो. काय करू?

लडी आठ मीटरची असते आणि तिच्यात सहा धागे असतात. हातभर, साधारण ४५ सेंटीमीटर, तुकडा कापून घ्या. एका टोकाला चिमटीत धरा आणि सहातला फक्त एक धागा सरळ वर ओढा. बाकीचे पाच खाली गोळा होतात, बघून घाबरायला होतं. धागा पूर्ण निघाला की ते पाच आपोआप सरळ होतात. मग दुसरा. दोन धागे हवे असले तरी एकेक काढून पुन्हा जोडायचे, एकदम दोन ओढले की गाठ ठरलेली. असे सुटे करून जोडलेले धागे कापडावर पसरून बसतात, पान भरताना चमक येते.

नवशिक्यांनी कुठले टाके शिकावेत?

धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका, काज टाका. एवढ्या चारांत वर्षभर काम करता येतं. साखळी टाक्याचा एकच दुवा गोल ठेवून टोकाला टाचला की पाकळी. ती सगळ्यांना लगेच आवडते. फ्रेंच नॉटला, म्हणजे गाठीच्या टाक्याला, मुली घाबरतात. सुईला दोऱ्याचे दोनच वेढे द्यायचे, वेढे कापडाला टेकवायचे आणि सुई पार जाईपर्यंत डाव्या हातानं दोरा ताणून धरायचा. ताण सुटला की गाठ सैल, बाकी त्यात काही अवघड नाही.

पान, फूल भरीव भरायला घाई करू नका. भरीव टाक्याची कड सरळ यायला हात बसावा लागतो. आधी कडेनं उलटी टीप घालून घ्यायची आणि तिच्यावरून भरायचं, म्हणजे कड सुरेख येते.

आणि एकदा तरी कसुती करून बघा. ती कर्नाटकातली, धारवाडकडची, पण इरकलीबरोबर आपल्याकडेही आली. छापलेला नमुना नसतो, कापडाचे धागे मोजून भरायचं. तिचे चार टाके: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. गाठ मारायची नाही आणि गवंती-मुरगी दोन्ही बाजूंनी सारखी दिसली पाहिजे. गोपुराचा पहिला नमुना भरायला मला दोन गुरुवार लागले. धागे मोजत असताना डोक्यात दुसरं काही राहूच शकत नाही. ज्या दिवशी मन ठिकाणावर नसतं, त्या दिवशी मी कसुती काढते.

नमुने कुठून आणायचे?

इंटरनेटवर ढिगानं आहेत, पण आधी घरात बघा. चैत्रांगणात सूर्य, चंद्र, शंख, कासव, तुळशी वृंदावन, पाळण्यातली गौर, केवढं काही असतं आणि सगळं साध्या रेषांचं. आईनं मला रांगोळीनं काढून दाखवलेलं चैत्रांगण मी पांढऱ्या धावदोऱ्यानं विटकरी कापडावर भरलंय. ठिपक्यांची रांगोळी तर जणू भरतकामासाठीच आहे, आखायलाही लागत नाही.

बाहेर पडायचं असेल तर शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं. दिव्यांवरचे मोर, अडकित्त्यांचे आकार, दारांवरची वेलबुट्टी बघताना वही-पेन्सिल जवळ ठेवा. नेहमीच्या घरगुती वस्तूंवर माणसांनी केवढी मेहनत घेतलीय हे बघून घरी आल्यावर मला उशीचा साधा अभ्रासुद्धा कोरा ठेवावासा वाटत नाही.

नमुना कापडावर कसा उतरवायचा?

फिक्या कापडाला पेन्सिल, गडद कापडाला पिवळा कार्बन. जुनी पद्धतही छान आहे. ट्रेसिंग पेपरवर काढलेल्या रेषांवर सुईनं जवळजवळ भोकं पाडायची आणि रॉकेलात कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवायचा. एकच कागद कितीतरी वेळा वापरता येतो. इस्त्रीनं पुसलं जाणारं पेन मिळतं, त्यापासून सावध राहा. थंडीत त्या रेषा पुन्हा उमटू शकतात.

सामान पुण्यात कुठे घ्यावं?

सुया, भरायचं कापड ताणून धरायच्या रिंगा, लड्या, अंगुस्तान यांसाठी तुळशीबाग. लेस, मणी, बटणं जास्त प्रमाणात हवी असतील तर रविवार पेठ, बोहरी आळीचा परिसर. आता मंडईला मेट्रो स्थानक झाल्यामुळे पार्किंगची चिंता मिटली, तिथून सगळं चालत होतं. शनिवार-रविवार टाळा. रंग दिव्याखाली निवडू नका, लडी घेऊन दुकानाच्या पायरीवर या आणि उन्हात बघा.

रंग गेला तर?

जायच्या आधीच बघा. माझ्या एका भाचीच्या बाळंतविड्यासाठी मी पांढऱ्या मलमलीचं दुपटं शिवलं होतं, काठाला लाल साखळी टाका. लाल लडी सुटी घेतली होती, लेबल नसलेली. पहिल्या धुण्यात सगळा काठ गुलाबी झाला. कार्यक्रमाला दोन दिवस होते. रात्री बसून चारही बाजूंचा साखळी टाका उसवला, दुपटं पुन्हा पुन्हा गार पाण्यातून काढलं तरी फिकट डाग राहिलेच. शेवटी त्यावरून फिक्या निळ्या कापडाची पट्टी लावली. भाचीला ते फार आवडलं. मला अजून तो डाग दिसतो.

त्यामुळे आता प्रत्येक लाल, मरून, गडद निळा धागा आणि साडी तपासल्याशिवाय मी सुईत घेत नाही. पांढरा रुमाल ओला करून त्यावर धागा ठेवायचा, वरून इस्त्री दाबायची. रुमालाला रंग लागला तर तो धागा नको. मिठाच्या पाण्यावर भरवसा ठेवू नका. नवं कापड वापरणार असाल तर आधी धुऊन त्यातली खळ काढा. सुती कापड धुतल्यावर आटतं आणि शिवल्यानंतर आटलं तर भरलेल्या फुलाभोवती सुरकुत्या पडतात.

बोट टोचून कापडाला रक्त लागलं तर?

लगेच गार पाणी. गरम पाण्यानं डाग पक्का होतो. ठिपकाच असेल तर आपली थुंकी लावून टिपा, जुन्या बायका हेच करायच्या आणि ते खरंच लागू पडतं.

हळदीचा डाग साबणानं लाल दिसायला लागतो, घाबरू नका. धुऊन उन्हात टाका, दोन-तीन उन्हांत उतरतो.

मान, मनगट, डोळे दुखतात. काय काळजी घ्यावी?

कामाला आपल्याकडे आणायचं, आपण कामावर वाकायचं नाही. मांडीवर उशी, उशीवर रिंग. पाठ भिंतीला. उजव्या हातानं शिवत असाल तर उजेड डावीकडून घ्या, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघा, वीसेक फुटांवर. आमच्या खिडकीतून आंबा दिसतो, मी त्याची पानं बघते. मागे माझं मनगट इतकं दुखायला लागलं की दोन महिने सुई बंद ठेवावी लागली. कारण एकच होतं, रिंग सतत करकचून पकडायची सवय. आता तासाला एकदा उठते, हात झटकते, पाणी पिते. दुखत असताना रेटून शिवू नका.

बाळासाठी शिवताना वेगळं काही?

मणी, टिकल्या, सैल बटणं अजिबात नकोत. भरतकामाची उलटी बाजू खरखरीत असते, ती बाळाच्या अंगाला लागू नये म्हणून मागून मलमलीचा एक थर लावा. झबल्या-टोपड्याला नाड्या आखूड ठेवा.

घरातल्या पुरुषांना शिकवता येईल का?

का नाही? संत नामदेव शिंपी समाजातले होते. माझा नातू सहावीत आहे, त्याला धावदोरा आणि बटण लावणं दोन्ही येतं.

गोधडी धुवायची आणि ठेवायची कशी?

वर्षातून दोनदा पुरे. गार पाणी, सौम्य साबण, पिळायची नाही. बादलीत दाबून पाणी काढायचं आणि दोन दोऱ्यांवर पसरून सावलीत वाळवायची, एका दोरीवर टाकली तर ओल्या वजनानं ओढली जाते. पावसाळ्यात धुऊ नका, आतले थर ओले राहतात आणि वास बसतो. ठेवताना वाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंडाची पुरचुंडी घालावी. दर वेळी घडी वेगळ्या जागी पाडा. दिवाळीच्या आधी एक दिवस गच्चीत ऊन दाखवा.

पण खरं म्हणजे ठेवूच नका, वापरा. रुखवतात मांडून मग कपाटात गेलेल्या कितीतरी सुंदर वस्तू मी घडीवर विरलेल्या पाहिल्यात.

दिवस संपताना काय करावं?

उजेड पिवळा व्हायला लागला की थांबायचं, दिव्याखाली गडद कापडावर शिवायचं नाही. ओळ मध्येच राहिली तरी चालेल. पुढच्या वेळी सुरुवात सोपी जाते, कारण हाताला कुठून निघायचं ते माहीत असतं. भरतकाम रिंगेतून काढून ठेवायचं, नाहीतर रिंगेचा गोल कापडावर उठतो. दोऱ्यांचे तुकडे मी एका बरणीत टाकते, टाचणीच्या उशीत भरायला होतात.

आणि सुया मोजायच्या. सकाळी पाच काढल्या असतील तर पाच डबीत गेल्या पाहिजेत. एक कमी भरली तर झाडू मारायचा नाही, आधी सतरंजी झटकायची, मग लोहचुंबक फरशीवरून हळूहळू फिरवायचं. सुई मिळेपर्यंत घरात कुणालाही अनवाणी फिरू द्यायचं नाही.